डालग्याखालच्या दोन कोंबड्या

जे लिहायला बसलो आहे ते माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. बायकोजवळ नाही, ती गेली, आणि न कळताच गेली. मुलाजवळ नाही. ज्या मित्राला अर्धंमुर्धं ठाऊक होतं त्याच्याजवळही कधी विषय काढला नाही. आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं, ती रोज दोन वेळा माझ्यासमोर ताट ठेवते, भाजीत मीठ कमी झालं का विचारते, आणि मी म्हणतो, बरोबर आहे.

गोष्ट कोंबड्यांची आहे. हसू येईल तुम्हाला. सत्तरी उलटलेला माणूस मन मोकळं करायला बसतो आणि काढतो काय, तर कोंबड्या. हसा. मीही पुष्कळ वर्षं हेच म्हणून स्वतःची समजूत घातली की कोंबड्याच तर मेल्या, माणूस तर नाही ना मेलं?

आधी मी कोण होतो ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. लसी टोचणं, जखमा धुणं, गावोगाव फिरणं. नागपूरजवळच्या कुहीकडची खेडी आधी सायकलनं आणि मग लुनावर पालथी घातली. लोक मला डॉक्टरसाहेबच म्हणत. मी कधी दुरुस्त केलं नाही. यातही थोडं खोटं होतंच, पण ते लहान खोटं. ते लोकांना आवडतं, आपल्यालाही आवडतं.

गावोगाव मी एक गोष्ट घसा कोरडा होईपर्यंत सांगत असे. नवी कोंबडी आणली तर तिला थेट जुन्यांत सोडू नका. निदान महिनाभर वेगळी ठेवा, घराच्या दुसऱ्या अंगाला. दाण्यापाण्याचं भांडं वेगळं. आधी जुन्यांना चारा, मग नव्यांकडे जा, उलट कधीच नाही. तिकडे जायच्या चपला वेगळ्या. हात धुवा. नवी कोंबडी दिसायला ठणठणीत असली तरी आत काय घेऊन आली आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

डोळ्यांना दिसत नाही. हे वाक्य मी किती ओसऱ्यांवर बसून म्हटलं असेन!

निवृत्तीनंतर आम्ही नागपुरात, उमरेड रोडच्या बाजूला एका नव्या ले-आउटमध्ये घर बांधलं. आमच्या ओळीतल्या एका बाईनं बाजारातून आणलेल्या कोंबड्या तशाच खुराड्यात कोंडल्या आणि आठवड्याभरात तिच्याकडे मानमोडी लागली. कोंबड्यांच्या माना पाठीकडे वळतात, पाय लुळे पडतात, हिरवी हगवण लागते, आणि मग एकेक करत सगळ्या जातात. ती बाई फाटकात रडत उभी होती. चार लोक जमले होते. मी म्हटलं, "आता रडून काय होते, बाई? अक्कल आधी वापराची असते." चारही जणांनी माना हलवल्या. ती आत निघून गेली. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं होतं.

आमच्या मागच्या अंगणातल्या कोंबड्या माझ्या नव्हत्या, माझ्या बायकोच्या होत्या. शकुंतलेच्या. खुराडं तिनं स्वतः उभं राहून बांधून घेतलं. पाठमोरी कोंबडीसुद्धा ती चालीवरून ओळखायची. सकाळी दार उघडून "तीतीती" म्हणाली की त्या तिच्या पायांभोवती अशा गोळा होत की तिला पाऊल टाकता येत नसे. मग ती त्यांना रागावे. ले-आउटमध्ये कुठं बाळंतीण असली की आमच्याकडची अंडी जात. या घरातली प्रत्येक वस्तू माझ्या पसंतीची होती, पंखा, कपाट, भिंतीचा रंग. तिचं म्हणावं असं एवढंच होतं. मला हे तेव्हा कळत होतं का? कळत होतं. म्हणून तर सांगतो आहे.

प्रशांतचं, आमच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न झालं आणि वनिता घरात आली. कुहीकडच्या एका खेड्यातली, धानाची शेती असलेल्या घरातली. वडील नव्हते. आई आणि भाऊ. पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर ती मंडईला माहेरी गेली. आमच्या पूर्वेकडच्या गावांत दिवाळी झाली की मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीची नाटकं होतात, लेकी माहेरी येतात. परतताना तिच्या हातात टोपली होती, वर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. आत दोन कोंबड्या.

"आत्याबाई, आईनं तुमच्यासाठी पाठवल्या," ती सासूला म्हणाली.

शकुंतलेनं एकीला उचलून हातावर तोललं. "अंड्यावर येऊन राहिली वं ही," म्हणाली आणि खुराड्याकडे निघालीसुद्धा. मी अडवलं.

"थांब. महिनाभर वेगळ्या."

"सुनेच्या माहेरच्या हायेत. बाजारातल्या थोड्याच हायेत?"

"रोगाले माहेर-सासर समजत नाही."

प्रशांत हसला. वनिताही पदर तोंडाला लावून हसली. मला माझं ते वाक्य फार आवडलं. पुढे मी ते दोन-तीन ठिकाणी वापरलंही.

मी सांगितलं ते सगळं वनितानं केलं. स्वयंपाकघराच्या पलीकडच्या भिंतीशी बांबूचं डालगं उपडं घातलं, वर वीट ठेवली. पाण्यासाठी एक फुटकी परात वेगळी काढली. तिकडे जायच्या जुन्या चपला तिनं डालग्याजवळच ठेवल्या. त्या घालून ती या अंगणात कधी आली नाही. दुसऱ्या कुणाला तिकडे फिरकू देत नसे. सासूलाही नाही. शकुंतला गमतीनं म्हणायची, "आमच्या घरात आता कोंबड्यायचंही सोवळं सुरू झालं."

आणि मग मी कोंबडा आणला.

तो महिना संपायच्या आत काही कामानं बुटीबोरीला गेलो होतो, त्या दिवशी तिथं बाजार होता. असील कोंबडा. उंच, मान ताठ, पिसं तांबूस आणि उन्हात हिरवी चमकणारी. मी लहानपणी आमच्या गावच्या मंडईत असे कोंबडे लांबून पाहिले होते, मोठ्या शेतकऱ्यांच्या काखेतले. आमच्या घरी परवडण्यातलं ते नव्हतं. म्हातारपणी माणूस लहानपणच्या गोष्टी विकत घेत सुटतो. मी घेतला. बाहेरचं न्हाणीघर वापरात नव्हतं, त्यात कोंडला.

शकुंतला म्हणाली, "वेगळा ठेवजा बरं. नियम तुमचाच आहे."

"मले शिकवते का?"

त्याच रविवारी नागपुरातल्या महाल भागात तिच्या भाचीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. प्रशांत, वनिता, शकुंतला सगळे गेले. मी पाय दुखतात म्हणून राहिलो. पाय दुखत नव्हते. देवराव येणार होता. देवराव म्हणजे माझा नोकरीतला सोबती. त्याला कोंबडा दाखवायचा होता.

न्हाणीघरात अंधार. कोंबडा कोपऱ्यात उभा, काही दिसेना.

"अंधारात काय पाहू गा?" देवराव म्हणाला. "बाहेर काढ ना."

पायाला दोरी बांधून समोरच्या अंगणात काढता आला असता. हे मला तेव्हाच सुचलं होतं. पण दोरीनं बांधलेला कोंबडा कसा दिसतो? आणि कोंबड्यांच्या मधोमध चालताना कसा दिसतो? मी त्याला काखेत घेऊन मागच्या अंगणाकडे निघालो.

देवराव थबकला. "काय गा, वेगळं नाही ठेवत का? कुहीत लोकायचं डोकं खाल्लं होतं तू."

"मी नुसत्या डोळ्यानं पारखतो. एवढी वर्षं काय गवत उपटलं का मी?"

असं म्हणालो. हेच शब्द. ज्या डोळ्यांना काही दिसत नाही असं मी जन्मभर सांगत आलो, त्याच डोळ्यांच्या भरवशावर.

कोंबडा सोडला. त्यानं पंख झटकले, मान उंच करून आरवला, कोंबड्यांमधून असा चालला की त्या बाजूला सरकल्या. मग शकुंतलेच्या पाण्याच्या परातीत चोच बुडवून प्याला. ते मी पाहिलं. प्याल्यावर त्यानं मान झटकली आणि पाण्याचे थेंब उडाले, तेही पाहिलं. पण त्याच वेळी देवराव म्हणाला, "राजा आहे गा, राजा."

त्या एका शब्दासाठी केलं मी हे. यापेक्षा मोठं कारण शोधून मी थकलो. सापडत नाही.

संध्याकाळी सगळे परतण्याआधी कोंबडा पुन्हा न्हाणीघरात होता. शकुंतलेनं महालातून आणलेले पेढे माझ्या हातावर ठेवले.

दोन-तीन दिवसांनी दुपारी न्हाणीघराचं दार उघडलं तर कोंबडा पिसं फुलवून बसलेला, डोळे मिटलेले, चोच उघडी ठेवून श्वास ओढत होता. खाली हिरवी घाण. मी दारात उभा राहिलो. मला एका नजरेत कळलं. इतक्या गावांत पाहिलेलं, मला कसं नाही कळणार?

त्या क्षणी ओरडून शकुंतलेला बोलावलं असतं तरी कोंबड्या वाचल्या नसत्या बहुधा. आमच्या कोंबड्यांना त्या वर्षीची लस टोचायची राहिली होती. आज-उद्या करत मीच टाळली होती. पण कोंबड्यांचं मी बोलत नाही. त्या क्षणी बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

घरातले झोपले होते. मी त्याची मान पिरगाळली, पोत्यात घातला आणि नाल्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये पुरून आलो. न्हाणीघर फिनेल टाकून धुतलं. चहाच्या वेळी शकुंतलेला म्हटलं, "तो कोंबडा परत करून टाकला. मारकुटा निघाला."

"बरं झालं," ती म्हणाली. "मले तसाही तो पटला नव्हता."

मग तिच्या कोंबड्या पडायला लागल्या. तिनं आधी एकीला पाहिलं, दाणा टाकला तरी न उठलेली. मला हाक मारली. मी गेलो, कोंबडी उचलली, डोळे पाहिले, पाय पाहिले, अगदी दवाखान्यात पाहत असे तसं. "मानमोडी," म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही आहात ना, असं ते पाहणं होतं. जन्मभराची नोकरी माझी, मी घरात असताना तिच्या कोंबड्या मरतील हे तिला खरंच वाटत नव्हतं.

एकेक करून सगळ्या गेल्या. मी खड्डा खणला, चुना टाकला. ती प्रत्येक कोंबडी स्वतः उचलून आणत होती. एकीची मान पूर्ण पाठीवर गेली होती, तरी ती शकुंतलेच्या हातात आल्यावर आवाज करायची. त्या आवाजाबद्दल मी काही लिहिणार नाही.

घराच्या दुसऱ्या अंगाला, डालग्याखाली, वनिताच्या दोन्ही कोंबड्या ठणठणीत होत्या.

थोडं थांबून विचार करा. तुम्हाला लगेच कळलं असेल. वेगळ्या ठेवलेल्या कोंबड्या जिवंत आहेत, याचा अर्थ वनितानं काम चोख केलं. तिनं आपल्या चपला सांभाळल्या, इकडचं तिकडे नेलं नाही. पण दुःखात माणूस असा हिशोब करतो का? शकुंतलेनं दुसरा केला. घरात बाहेरून आले दोनच. नवऱ्यानं आणलेला कोंबडा, तो जाणत्या माणसानं वेगळा ठेवला होता आणि परतही गेला. आणि सुनेनं आणलेल्या कोंबड्या. मग रोग आला कुठून?

शेवटची कोंबडी पुरली त्या दिवशी ओसरीवर आम्ही सगळे होतो. शकुंतला रडून रडून शांत झाली होती. तिनं मला विचारलं, "असं होते का हो? ज्याच्यापासून रोग आला तो जिवंत राह्यते अन् दुसरे मरतेत?"

वनिता दारात उभी होती. प्रशांत खाली पाहत होता.

मी म्हणालो, "होते. काही पक्षी रोग अंगात बाळगतेत, सोता मरत नाहीत. अन् रोग चपलेच्या तळालेही चिकटून येते."

यातला शब्दन् शब्द खरा आहे. कुठल्याही डॉक्टरला विचारा. मी खरं बोललो, आणि त्या खऱ्या वाक्यानं एका पोरीला दोषी ठरवलं. तिच्याकडे न पाहता. कोणी मला ढकललं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. "माहीत नाही" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढंही म्हटलं नाही. कारण माहीत नाही म्हणणारा मी नव्हतो. मी डॉक्टरसाहेब.

शकुंतला म्हणाली, "मंग त्या दोघी कशाले ठेवाच्या?"

सुरी मीच काढली. वनिता डालग्याकडे गेली आणि परत आली तेव्हा एका काखेत दोन्ही कोंबड्या आणि दुसऱ्या हातावर एक अंडं होतं. तिनं हात माझ्यापुढे धरला.

"मामाजी, आज अंडं देल्लं हिनं. बिमार कोंबडी अंडं देते का? काहून कापता?"

आजारी कोंबडीचं अंडं आधी बंद होतं, हे मीच तिला शिकवलं होतं. कोंबड्या आणल्या त्याच आठवड्यात.

"रोग आत असते," मी म्हटलं. "दे इकडं."

तिनं दिल्या. अंडं भिंतीवर ठेवलं. कोंबड्या मी कापल्या आणि चुन्याच्या खड्ड्यात टाकल्या. अंडं कुणी उचललं नाही. ते तिथंच राहिलं, एक दिवस कावळ्यानं फोडलं.

देवराव समाचाराला आला. शकुंतलेनं त्याला सगळं सांगितलं. सुनेच्या माहेरच्या कोंबड्या, त्यांच्यापासून कसा रोग आला, मी काय म्हणालो. देवरावनं बशीतला चहा संपवला आणि मला विचारलं, "तो राजा कुठं गा?"

"परत केला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग टोपी घातली आणि उठला. नंतरही आम्ही भेटत राहिलो, लग्नांत, तेरवीत. पण त्यानं मला पुन्हा कधी घरी बोलावलं नाही. तोही आता नाही.

पुढचं लिहायला हात उचलत नाही, तरी लिहितो.

बातमी वनिताच्या आईपर्यंत गेली. काही दिवसांनी सकाळी त्या आल्या. कुहीहून एसटीनं, आणि उमरेड रोडच्या थांब्यापासून पायी. डोक्यावर मोठी टोपली. फाटकाशी उतरवली. आत त्यांच्या स्वतःच्या घरच्या कोंबड्या, अंड्यावरच्या, होत्या तेवढ्या सगळ्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "माह्या घरच्यानं तुमचं नुकसान झालं. ह्या ठेवून घ्या."

शकुंतला फाटक धरून उभी होती. "आता काय उरलंसुरलं संपवाले आल्या का? तुमच्या घरचं पाखरू नको मले. पोरगी आली तेच पुरे झालं. तिचा पायगुण पाहून घेतला आम्ही."

पायगुण. हा शब्द पहिल्यांदा तेव्हा निघाला. आणि मग तो या घरातच राहिला. दूध उतू गेलं, प्रशांतची बढती हुकली, कुणी घसरून पडलं, की शकुंतला काही बोलायची नाही, नुसती वनिताच्या पायांकडे पाहायची.

मी ओसरीवर पेपर घेऊन बसलो होतो. आईंनी फाटकातूनच माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, तुम्ही तं जाणते. तुम्हीच पाहा एकडाव. चांगल्या असतीन तं ठेवा, नाही तं मी परत नेतो."

त्यांनी टोपलीवरचं लुगडं सोडायला हात घातला. तपासून घ्या म्हणत होत्या. माझ्यावर विश्वास ठेवत होत्या. संपूर्ण जगात त्या क्षणी माझ्यावर एवढा विश्वास कुणी ठेवत नव्हतं.

मी पेपरमागून म्हटलं, "राहू द्या, ताई. परत घेऊन जा."

वनितानं आईला फाटकाबाहेर पाणी नेऊन दिलं. त्या उभ्यानंच प्याल्या. टोपली डोक्यावर चढवायला वनितानं हात लावला. त्या गेल्या. मला पेपरातली एक ओळही आठवत नाही, पण टोपलीतून ज्या आवाजात कोंबड्या बोलत होत्या तो आवाज आठवतो. भुकेल्या, निरोगी कोंबड्यांचा.

त्यानंतर त्यांच्या घरचं काही आमच्याकडे आलं नाही. आधी धान निघालं की नवे तांदूळ यायचे, ते बंद. नातीच्या बारशाला आल्या तेव्हा सगळं दुकानातून बांधून आणलेलं होतं, कपड्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या तशाच. घरचं काहीच नाही. शकुंतलेनं ते पाहिलं आणि मला म्हणाली, "पाहा, विहीणबाई कशा परक्यासारख्या वागून राहिल्या." मी "हो" म्हटलं.

त्या वारल्या तेव्हा मी तेरवीला गेलो होतो. अंगणाच्या कोपऱ्यात खुराडं होतं. मोठं, मातीनं लिंपलेलं, आत सरपण भरलेलं. मी काही विचारलं नव्हतं, वनिताचा भाऊच म्हणाला, "आईनं तवापासून कोंबड्या पाळल्याच नाहीत. त्या टोपलीतल्या गावात वाटून टाकल्या. म्हणे, माह्या कोंबड्या लोकायच्या घरात रोग नेतेत."

मग पंगत बसली. मी जेवलो. पानात काही टाकलं नाही.

शकुंतलाही गेली. जाताना तिच्या मनात वनिताबद्दल तेच होतं जे मी घातलं होतं. आजारपणात वनितानं तिचं सगळं केलं, उठवणं, धुणं, भरवणं. एकदा शकुंतला मला हळूच म्हणाली, "पोरगी वाईट नाही हो. पायच तसे, त्याले ते काय करन?" मी तिच्या उशाशी बसलो होतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. यापेक्षा सोपी वेळ मला आयुष्यात मिळणार नव्हती.

मी तिची चादर सारखी केली.

आता हे काहून लिहितो आहे — हा आमच्याकडचा शब्द आपोआप आला, राहू द्या. अलीकडेच रात्री जेवताना प्रशांत म्हणाला, मागचं खुराडं नुसतं पडलं आहे, चार गावरान कोंबड्या ठेवू. नात खूश झाली. वनिता पोळी वाढत होती. ती म्हणाली, "नको. माह्या हाताले पाखरू लाभत नाही."

रागानं नाही. टोमणाही नव्हता. उन्हाळ्यात ऊन असतं असं म्हणावं तसं म्हणाली. तिलाही ते पटलेलं आहे. इतक्या वर्षांत तिनं ते मानून टाकलं आहे. हे मात्र मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, निदान तिला तरी आतून ठाऊक असेल.

इथपर्यंत लिहून मी कागद बाजूला ठेवले होते. मध्ये काही दिवस गेले. कागदावर लिहिणं हीही एक पळवाटच, नाही का? वाचणारे तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्यासमोर बोलायला काय लागतं?

म्हणून दुपारी, ती मागच्या ओट्यावर लाखोळीची डाळ निवडत बसली असताना, खुर्ची ओढून बसलो आणि सांगितलं. कोंबडा मी त्यांच्यात सोडला होता. तो पुरला मी. तुझ्या कोंबड्या चांगल्या होत्या, ते मला कापतानाही माहीत होतं. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगायला इतका थोडा वेळ लागतो, याचीच लाज वाटली.

तिचे हात थांबले नाहीत. खडा निघाला तो तिनं बाजूला टाकला. मग म्हणाली,

"आई टोपलीचं लुगडं सोडून राहिली होती, मामाजी. तुम्ही एकडाव उठून पाह्यलं असतं."

तिनं सूप एकदा झटकलं.

"ती पूर्ण रस्ता रडत गेली होती. मागच्या जन्मी काय पाप केलं म्हणून."

सूप उचलून ती आत गेली. संध्याकाळी ताट रोजच्यासारखंच आलं. भाजीत मीठ कमी झालं का, हे तिनं विचारलं नाही. नंतरही विचारलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात ती माहेरी गेली. एकटीच गेली, भावाकडे. परतली तेव्हा हातात टोपली होती. कुणाला काही न सांगता ती घराच्या पलीकडच्या अंगाला गेली, माळ्यावरचं जुनं डालगं काढलं, धुतलं, उन्हात उपडं घातलं, वर वीट ठेवली. एक परात वेगळी काढली. जुन्या चपला तिथं नेऊन ठेवल्या. मागचं खुराडं रिकामं आहे, जुनी कोंबडी एकही नाही. तरीही तिनं नव्या कोंबड्या वेगळ्याच ठेवल्या.

आज सकाळी मी भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. नुसता आवाज ऐकायला. ती पाणी बदलत होती. तिनं मान वर केली.

"इकडं येऊ नका, मामाजी," ती म्हणाली. "अजून वेगळ्या ठेवाच्या हायेत."

मी कोपऱ्यावरूनच परतलो.